तिसऱ्या प्रश्नाला दोन गुण

निरीक्षक काका बरे झाले. गुरुवारी सकाळी अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी मोठ्या डॉक्टरांनी तसं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि फाईल मिटवली. मग पुन्हा उघडली, कारण पेन आत राहिलं होतं, आणि परत मिटवली.

आता हे मी सांगितलंच नाही असं समजू. काका बरेबिरे काही झालेले नाहीत. त्यांचं वजन चार महिन्यांत सहा किलो तीनशे ग्रॅमनी उतरलंय, झोप पहाटे साडेतीनला उडते, आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच मानसोपचार विभागात येऊन माझ्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत उभे आहेत.

दिव्याचं कारण असं, की माझ्या खोलीत पूर्वी एक्स-रे काढायचे. मशीन नव्या इमारतीत गेलं. मागे राहिला लाल दिवा, 'आत येऊ नये' ही पाटी, आणि आतून शिशाचा पत्रा ठोकलेलं एक दार, जे उघडायला खांदा लावावा लागतो. त्यात मला, म्हणजे विभागाच्या समुपदेशकाला, बसवलं. पंखा आणि दिवा एकाच बटणावर आहेत. म्हणजे मी पंखा लावला की बाहेर 'आत येऊ नये' उजळतं. याबद्दल मी नऊ महिन्यांत तीन अर्ज दिले. तिसऱ्या अर्जानंतर वायरमन आला आणि जास्त उजेडाचा बल्ब लावून गेला.

"या काका," मी आतून म्हटलं.

"पाटी म्हणते येऊ नका, तुम्ही म्हणता या," काका म्हणाले. "दोघांत अधिकृत कोण?"

"मी. पण तात्पुरता. अकरा-अकरा महिन्यांचे करार आहेत."

"आणि पाटी?"

"कायम आहे."

काकांनी थोडा विचार केला आणि आत आले. आमच्या विभागातला त्यांचा पहिला निर्णय माझ्या बाजूनं पडला, हे मी अजून विसरलेलो नाही.

काका म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन काटे तपासले. काटा खरा निघाला की शिक्का, खोटा निघाला की जप्ती. अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्यापाशी बटण लावलेलं, खिशाला एक निळं पेन आणि एक लाल. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांची सगळी रक्तं तपासली, सगळी चांगली निघाली, तेव्हा हताश होऊन त्यांना आमच्याकडे पाठवलं.

"चहा घेणार?" मी विचारलं. पहिल्या भेटीत रुग्णाला मोकळं वाटेल असं वातावरण करावं, असं मार्गदर्शिकेत आहे.

"तुम्ही मला तपासणार ना?"

"हो."

"मग नको. तुमचा चहा प्यायलो की मी तुमच्याबद्दल बरं बोलायला लागेन. मोजमाप बिघडेल." मग जरा थांबून म्हणाले, "पस्तीस वर्षांत कुणाच्या घोटभर चहाला मिंधा झालो नाही."

हे ते अभिमानानं म्हणाले. आजाराचं कारण असं पहिल्याच झटक्यात सांगणारा रुग्ण मी तेव्हा पाहिला नव्हता, त्यामुळे ते कारण आहे हे मला सहाव्या भेटीत कळलं.

मार्गदर्शिकेबद्दल सांगायला हवं. निळा पुठ्ठा, तीनशे बारा पानं. मनाच्या कुठल्या आजाराला काय करावं, किती दिवस करावं, कधी थांबावं, हे त्यात पायरी पायरीनं दिलंय. लोक हसतात, पण माझ्या आधी या खोलीत जे समुपदेशक होते ते झोप न येणाऱ्यांना सांगायचे की पलंगाची दिशा बदला. एका बाईंनी चार दिशा करून पाहिल्या आणि पाचव्यांदा विचारायला आल्या. आता तसं करता येत नाही. आता नऊ प्रश्नांचा तक्ता असतो. मन लागत नाही, उदास वाटतं, झोप, थकवा, भूक, असं एकेक. गेल्या दोन आठवड्यांत अजिबात नाही तर शून्य, काही दिवस असेल तर एक, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. एकूण सत्तावीस. वीसच्या आसपास माणूस खोल पाण्यात, पाचाच्या खाली काठावर. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा आहे. तो विचारताना मी कधीच चेष्टा करत नाही. काकांनी त्याला दर वेळी शून्य सांगितलं, आणि दर वेळी माझी चेष्टा तिथून पुढे सुरू झाली.

पहिल्या दिवशी मी तक्ता पुढे केला तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"याचा शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"हा काटा बरोबर दाखवतो, हे कुणी तपासलंय?"

मी त्यांना मार्गदर्शिकेतलं शेवटचं प्रकरण दाखवलं. किती हजार माणसांवर तक्ता वापरून पाहिला, किती वेळा चुकला, सगळं आकड्यांत. भेट अर्ध्या तासाची असते. त्यातली अकरा मिनिटं त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "बरं. ठेवा काटा."

अठरा भरले.

नियमाप्रमाणे दर गुरुवारी साडेअकरा ते बारा अशी वेळ ठरली. नियमाप्रमाणेच मी त्यांना सांगितलं की उपचार कधी संपणार हेही आधीच ठरलेलं आहे: सलग दोन भेटींत पाचाच्या खाली गुण आले की फाईल बंद.

"सलग दोन," काका म्हणाले. "चांगलं आहे. एकदा काटा चुकून खरा दाखवतो."

रुग्णाला मार्गदर्शिका वाचायचा हक्क आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी मागितलीच नव्हती. काकांनी मागितली. आमच्या रेकॉर्डमावशींनी रजिस्टरात सही घेऊन आठवड्यासाठी दिली. परत आली तेव्हा सोळा ठिकाणी लाल पेनानं छपाईच्या चुका दाखवल्या होत्या आणि पान एकशे चारवरच्या बेरजेखाली 'पुन्हा पाहावे' असं लिहिलं होतं. मावशी मला म्हणाल्या, "अरे, हा पेशंट आहे की तुला तपासायला पाठवलेला माणूस आहे?" मी म्हटलं, आतापर्यंत तरी दोन्ही.

उपचार साधा होता. परिशिष्ट तीनमध्ये सत्तर बारीकसारीक कामांची यादी आहे. उदास माणसाला आधी बरं वाटून मग काम सुचत नाही, आधी काम केलं की मागून बरं वाटतं, असं त्यामागचं शास्त्र. काकांनी आठवड्याला सात कामं निवडायची आणि केल्यावर शेरा लिहायचा. शेरे ते लाल पेनानं लिहायचे. 'क्र. १४, सकाळी वीस मिनिटे चालणे. केले. मुख्य बसथांब्यापर्यंत व परत. थांब्यावर बाक आहे.' 'क्र. २२, आवडीचे जुने कपडे घालणे. सगळेच जुने आहेत. केले.' 'क्र. ५२, गाणे लावून घरात एकट्याने नाचणे. केले. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.'

आणि 'क्र. ३१, मित्राला फोन करणे.'

त्या सोमवारी दुपारी रेकॉर्डमावशी खांद्यानं दार ढकलून आत आल्या. "तुझ्या काकांचा फोन आलाय. माझ्याशी हवापाण्याचं बोलले. आता विचारतायत, हा मित्राला केला असं धरायचं का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, विचारून सांगते."

मी मार्गदर्शिकेत पाहिलं. मित्र म्हणजे कोण, याची व्याख्या कुठेच दिलेली नव्हती. 'अर्धे धरावे,' असं मी कळवलं. मावशी आतल्या आत हसत गेल्या, पण त्यानंतर दर सोमवारी दुपारी त्या फोनजवळच बसायला लागल्या.

सहाव्या भेटीत मी काकांना विचारलं, की ओळखीचं कुणीच नाही का.

"ओळखीचे? अख्खं शहर ओळखतं. म्हणून तर." ते खुर्चीत सरळ झाले. "मी दुकानात शिरलो की बोलणारी माणसं गप्प होतात. अजून होतात. दुकानदार मला पाव किलोवर वीस ग्रॅम जास्त घालतो. मी वीस ग्रॅम काढून ठेवतो. मग तो आणखी घाबरतो."

"लग्नाचं कधी?"

"बहिणीनं दोन स्थळं पाहिली होती. चांगल्या होत्या मुली."

"मग?"

"दोघींच्या वडिलांची दुकानं होती."

"म्हणून?"

"हितसंबंध," काका म्हणाले, आणि खिडकीकडे पाहिलं. एक्स-रेच्या खोलीला खिडकी नसते. खिडकी असती तिथे त्यांनी पाहिलं.

 मार्गदर्शिकेत अशा वेळी म्हणायचं एक वाक्य आहे: 'हे सगळं एकट्यानं पेलणं जड गेलं असेल.' मी ते म्हटलं. काका म्हणाले, "पान अठ्ठ्याण्णव." मी म्हटलं हो. ते म्हणाले, "तरी बरं वाटलं."

ही वाक्यं मी बाहेरही वापरायचो. बाहेर म्हणजे, या शहरात मी नोकरीसाठी आलो, कुणाला ओळखत नव्हतो, आणि नऊ महिन्यांत ती परिस्थिती जशीच्या तशी जपली होती. सोमवार ते शनिवार मी लोकांना विचारायचो की जवळचं बोलायला कोण आहे, आणि उत्तर नसेल तर चौकटीत खूण करायचो. रविवारी ताईचा फोन. तिला भाऊ एकच आहे आणि तोही असा, त्यामुळे ती नेमानं करते. एकदा ती सासूबद्दल वीस मिनिटं बोलली. मी म्हटलं, "हे ऐकून मला वाटतंय की तुला फार गृहीत धरलं जातंय."

 मग ताई म्हणाली, "तू माझ्याशी बोलतोयस की फॉर्म भरतोयस?"

"बोलतोय."

"मग भावासारखं बोल. सांग की माझीच चूक असेल."

"तुझीच चूक असेल."

"हां. आता ऐक पुढे."

तर सांगायचं हे, की गुरुवारचा तो अर्धा तास हा आठवड्यातला एकच असा होता, ज्यात माझ्या बोलण्याला कुणी पान नंबर सांगत होतं. काका वेळेआधी सात मिनिटं यायचे. मी बुधवारी संध्याकाळी खुर्च्या सारख्या करायला लागलो. दोन खुर्च्या एकमेकींकडे थेट तोंड न करता जरा तिरक्या ठेवाव्यात असा नियम आहे. काकांनी एकदा पावलांनी मोजून मला एक खुर्ची वीतभर सरकवायला लावली होती.

आणि काका बरे व्हायला लागले.

अठराचे पंधरा झाले. पंधराचे अकरा. वजन परत भरायला लागलं, ते तर ते मला दर आठवड्याला ग्रॅममध्ये सांगायचे. आठ. सात. मोठे डॉक्टर आलेखाकडे बघून म्हणाले, "वा, पुस्तकात छापावा असा आहे." मी म्हटलं, हो सर. आलेखाची रेघ जिन्यासारखी खाली खाली येत होती, आणि जिना संपला की रस्ता लागतो, हे मला दिसत होतं. काकांनाही दिसत असणार. सात आले त्या दिवशी बेरीज ऐकून ते म्हणाले, "उतार जास्त आहे." असं वाक्य मी कुठल्याही बऱ्या होणाऱ्या माणसाकडून ऐकलं नव्हतं.

नवव्या भेटीत चार आले.

आम्ही दोघंही तक्त्याकडे बघत बसलो. बाहेर कुणीतरी दाराशी येऊन पाटी वाचून परत गेलं.

"एकदा झालं," काका म्हणाले.

"एकदा काटा चुकून खरा दाखवतो," मी म्हटलं.

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या गुरुवारी कळेल."

त्या आठवड्यात मी मार्गदर्शिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बऱ्या झालेल्या माणसाला येत राहू द्यावं, असं एकही वाक्य मला सापडलं नाही. आणि ते बरोबरच होतं. बाहेरच्या बाकावर खरोखर आजारी माणसं दीड दीड महिना वाट बघत होती. एकटेपणाला तक्त्यात प्रश्न नाही, कारण तो आजार नाही. प्रकरण अकरामध्ये मात्र एक परिच्छेद सापडला. उपचार संपल्यावर दोन वर्षं समुपदेशकानं माजी रुग्णाशी मैत्री करू नये, घरी जाऊ नये, येऊ देऊ नये. बाहेर समोरासमोर आले तर स्वतःहून ओळख दाखवू नये. त्यांनी दाखवली तर थोडक्यात उत्तर द्यावं. यालाही कारण आहे आणि कारण चांगलं आहे. मी शोधलं, वाईट निघालं नाही.

दहाव्या भेटीत मी प्रश्न विचारले. मन लागत नाही? एक. उदास? शून्य. झोप?

"शून्य," काका म्हणाले. "सकाळी साडेसहापर्यंत. गजर लावावा लागला."

मी तिसऱ्या प्रश्नासमोर दोन लिहिलं.

मी हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. हातानं केलं. पुढचे सहा प्रश्न विचारले, नववा चेष्टा न करता विचारला, बेरीज केली, आणि म्हटलं, "पाच झाले काका. पाचाच्या खाली नाहीत. म्हणजे अजून चालू ठेवावं लागेल." आवाज मी जरा वाईट वाटल्यासारखा केला होता.

 माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. निरीक्षक हा जन्मभर दुकानात गिऱ्हाईकाच्या बाजूला उभा राहून काटा वाचतो. उलट्या बाजूनं. दुकानदाराचा हात, काटा, आकडे, सगळं उलटं वाचायची त्याची पस्तीस वर्षांची सवय असते.

"तिसऱ्याला मी शून्य म्हटलं," ते म्हणाले.

"हो का?"

"दोन लिहिलंय."

"काका, कधी कधी सांगणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त दिसतं."

"असंच मला एक धान्यवाला म्हणाला होता. त्याच्या काट्याच्या ताटलीखाली मेण निघालं."

मी म्हटलं, "चूक झाली असेल."

"असेल. मी पस्तीस वर्षांत पुष्कळ चुका पाहिल्या. सगळ्या दुकानदाराच्या बाजूनं झालेल्या. गिऱ्हाईकाच्या बाजूनं झालेली एक नाही पाहिली." ते तक्त्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. आवाज अजिबात रागाचा नव्हता. "यात मला एवढंच कळत नाहीये की दुकानदार कोण. तुम्ही का मी."

मला पान अठ्ठ्याण्णव आठवत होतं, पण ते वाक्य कुणाला म्हणायचं ते कळेना.

"लेखी द्यावं लागेल," काका म्हणाले. "राग मानू नका."

"नाही मानत."

"तोंडी सोडलं की पुढच्या वेळी काटा जास्त मारतात. अनुभव आहे."

"द्या काका. मोठ्या डॉक्टरांच्या नावानं द्या. दोन प्रती लागतील."

"तीन," काका म्हणाले. "एक तुम्हाला."

त्यांनी तिथेच, निळ्या पेनानं, पंचनामा लिहिला. खोलीचं माप, वेळ, खुर्च्यांची जागा, उजव्या हातातलं पेन, तिसऱ्या प्रश्नासमोरचा आकडा. मावशींना पंच म्हणून बोलावलं. मावशींनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघांना काही काम नाही का." मग सही केली.

पुढच्या गुरुवारी साडेअकराला भेट झाली ती मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. डॉक्टर भले माणूस, पण दिवसाला साठ रुग्ण बघतात, त्यामुळे बसतात तेव्हाही उठल्यासारखे बसतात. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला.

"तक्रार मला नीट कळू द्या," ते काकांना म्हणाले. "यानं तुम्हाला आहात त्यापेक्षा जास्त आजारी दाखवलं."

"दोन गुणांनी."

"यात तुमचं नुकसान काय झालं?"

"काहीच नाही," काका म्हणाले. "फायदाच होता. म्हणून तर लेखी दिलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आणि तू का केलंस हे?"

मला खरं उत्तर द्यायचं होतं. ते उत्तर अगदी लहान होतं, एका श्वासात मावलं असतं. पण केबिनचं दार उघडं होतं, बाहेर बाकावर अकरा माणसं बसलेली, आणि काका इतके ताठ बसले होते की त्यांच्यासमोर ते म्हणणं म्हणजे त्यांना चहा पाजण्यासारखं झालं असतं.

"निष्काळजीपणा, सर," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. हे उत्तर खोटं आहे हे त्यांना कळलं होतं, पण ते तपासायचा अधिकार आता त्यांना नव्हता.

डॉक्टरांनी तिसऱ्या प्रश्नासमोरचा दोन खोडला, शून्य केला, बेरीज तीन केली. चार आणि तीन. सलग दोन. "अभिनंदन काका," ते म्हणाले, "तुम्ही बरे आहात." मग तुम्हाला जे मी कधी सांगितलंच नाही ते सगळं झालं: सही, तारीख, पेन. मला मेमो मिळाला आणि गुण भरण्याचं प्रकरण तीन पुन्हा वाचायची शिक्षा. समारोपाची भेट नियमात अर्ध्या तासाची आहे. घड्याळात सात मिनिटं उरली होती.

आम्ही माझ्या खोलीत गेलो. मी पंखा लावला.

"तुमच्यावर मेमो आला," काका म्हणाले.

"येऊ द्या. फाईलमध्ये एकटाच होतो, सोबत झाली."

ते हसले. मग पुन्हा त्रास झाला तर काय करायचं, याचा कागद मी त्यांना दिला. त्यांनी तो उभ्यानंच पूर्ण वाचला आणि एकही चूक काढली नाही. दाराशी जाऊन म्हणाले, "दोन वर्षं आहेत ना ती? प्रकरण अकरा."

"हो. परिच्छेद चार."

"वाचलंय." त्यांनी दाराला खांदा लावला. मी मदतीला गेलो. दोघांनी मिळून ढकललं.

आता परिस्थिती अशी आहे. परिशिष्ट तीन, क्रमांक चौदा, सकाळी चालणे, मुख्य बसथांब्यापर्यंत व परत. हे काम काकांना मीच लावून दिलं आणि ते ते सोडणाऱ्यांतले नाहीत. माझी बस त्याच थांब्यावरून आठ वाजून चाळीसला सुटते. काका साडेआठला बाकावर येऊन बसतात. मी खांबाजवळ उभा राहतो. मी आधी ओळख दाखवू शकत नाही. ते दाखवू शकतात, पण त्यांनी दाखवली तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यावर आधीच एक मेमो आहे हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते दाखवत नाहीत. माझ्या भल्यासाठी. दहा मिनिटं आम्ही दोघं रस्त्याकडे बघतो. तब्येत चांगली दिसते. गालांवर थोडं मांस आलंय.

मागच्या महिन्यात एकदा बस वेळेवर आली नाही तेव्हा काका खांबावरच्या वेळापत्रकाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "चार मिनिटं उशीर."

हे ते मला म्हणाले नव्हते. वेळापत्रकाला म्हणाले होते. मी वेळापत्रकाला म्हटलं, "काल सहा होता."

"परवा वेळेवर होती," काका वेळापत्रकाला म्हणाले.

"परवा सुट्टी होती, रस्ता मोकळा असणार."

बस आली. मी चढलो, आणि दिवसभर सगळ्या रुग्णांशी फार चांगलं बोललो. खांबाशी बोलण्याबद्दल मार्गदर्शिकेत काहीही नाही, मी दोनदा पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी काका गप्प होते. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी रात्री विचार केला असणार, आणि ही पळवाट आहे, काट्याला मेण लावण्यातलाच प्रकार आहे, असं ठरवलं असणार. त्या दिवशी बस नऊ मिनिटं उशिरा आली आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

म्हणून मी अर्ज दिलाय. पोच मिळालीय. समिती तीन वर्षांतून एकदा बसते आणि गेल्याच वर्षी बसून उठली. अर्ज असा:

प्रति, मा. अध्यक्ष, मार्गदर्शिका पुनर्विलोकन समिती.

विषय: प्रकरण अकरा, परिच्छेद चार यात किरकोळ दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीशी समुपदेशकाने दोन वर्षे वैयक्तिक संबंध ठेवू नयेत, ही तरतूद योग्य असून तिच्याविरुद्ध अधोस्वाक्षरीकाराची तक्रार नाही. तथापि, सदर व्यक्ती पूर्ण बरी असल्याने तिला पुन्हा रुग्ण म्हणून दाखल करता येत नाही, आणि अधोस्वाक्षरीकारास रुग्ण म्हणून दाखल केल्यास विभागात समुपदेशक उरत नाही. सबब, सदर व्यक्तीस दर गुरुवारी सकाळी साडेअकरा ते बारा एवढ्या कालावधीपुरते आजारी समजण्यात यावे व बारा वाजता बरे समजण्यात यावे. त्यासाठी गुणांत कोणताही फेरफार केला जाणार नाही. हे नियमात बसत नसल्यास, मुख्य बसथांब्यावर, कामकाजाच्या दिवशी, अधोस्वाक्षरीकारास स्वतःहून 'काय म्हणता काका' हे तीन शब्द उच्चारण्याची एकवेळची परवानगी देण्यात यावी, आणि त्यास उत्तर आल्यास ते पूर्ण होईपर्यंत आठ चाळीसची बस सोडून देण्याचीही मुभा असावी, ही नम्र विनंती.